तेलाबरोबर येणारे दोघे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खनिज तेलाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांशी होते. एक टोक पेट्रोल पंपावरचे. तेथे भाव वाढला की मोर्चा निघतो. दुसरे टोक दिल्लीतले. आयात किती, स्वामित्वधन किती, कोणते क्षेत्र कोणत्या कंपनीच्या हाती, हे प्रश्न तेथे असतात. दोन्ही टोके महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये, विहिरीच्या तोंडापासून फारशा दूर नसलेल्या जागी, एक पोलादी टाकी आडवी पडलेली असते. तेलाच्या अर्थकारणातला एक मोठा निर्णय त्या टाकीच्या भोवती घडत असतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या टाकीला सेपरेटर म्हणतात. आजचा विषय ती टाकी आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तीन नळांतील जिनसांचे पुढे काय होते, हा आहे.

जमिनीतून काळ्या तेलाचे कारंजे उसळते आणि त्याखाली माणसे आनंदाने नाचतात, हे दृश्य चित्रपटांनी लोकांच्या मनावर ठसवले आहे. वस्तुतः विहिरीतून नुसते तेल जवळजवळ कधीच येत नाही. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल, वायू आणि खारे पाणी कोट्यवधी वर्षे एकत्र नांदत असतात. खोलवर दाब इतका असतो की वायूचा बराचसा भाग तेलात विरघळलेला राहतो, सोड्याच्या बंद बाटलीत राहतो तसा. विहीर उघडली, मिश्रण वर येऊ लागले, दाब उतरला, की तो वायू फसफसून सुटू लागतो. पाणी तेलात घुसळले जाते. वाटेत वाळूचे कणही सोबतीला येतात. पृष्ठभागावर पोचते ते हे सारे कडबोळे. शुद्धीकरण कारखान्याला ते घेता येत नाही, जहाजात भरता येत नाही आणि नळातून दूरवर नीट वाहूनही नेता येत नाही. म्हणून पहिले काम वेगळे करण्याचे.

या कामातला मुख्य कामगार गुरुत्वाकर्षण होय. त्याला पगार द्यावा लागत नाही, मात्र वेळ द्यावा लागतो. मिश्रण टाकीत शिरताच एका पत्र्यावर आदळते, त्याचा वेग मोडतो आणि वायूचा मोठा भाग तेथेच वेगळा होऊन वर जातो. बाहेर पडण्यापूर्वी तो एका जाळीतून जातो, म्हणजे त्याच्यासोबत निघालेले तेलाचे तुषार जाळीला चिकटून परत खाली ठिबकतात. खाली द्रव संथ होतो. पाणी तळाशी बसते, तेल त्यावर तरंगते, आणि टाकीच्या पुढच्या भागात उभ्या केलेल्या बांधावरून फक्त तेल पलीकडे सांडते. पाणी बांधाच्या अलीकडूनच खालच्या नळाने काढून घेतात. पाटाच्या पाण्याला बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

अडचण बारीक थेंबांची असते. तेलात अडकलेला पाण्याचा थेंब किती वेगाने खाली बसेल, याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात घालून दिला. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर वेग चौपट होतो, आणि तेल जितके दाट तितका वेग कमी. म्हणून तेल तापवतात, कारण तापल्यावर ते पातळ होते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तशी रसायने घालतात, म्हणजे थेंबांभोवतीची चिवट साय फाटते आणि लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर विजेचा उच्च दाब लावतात. ही विजेची युक्ती फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९११ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पाणीमिश्रित तेलासाठी काढली. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की, याच कॉट्रेलने आपल्या पेटंटांच्या उत्पन्नातून वैज्ञानिक संशोधनाला पैसा मिळावा यासाठी १९१२ साली एक संस्था उभी केली. तेलधंद्याच्या इतिहासात असा माणूस विरळा.

सेपरेटर एकच असत नाही, दोन-तीन किंवा अधिक एकापुढे एक लावतात आणि दाब पायरीपायरीने उतरवतात. दाब एकदम सोडला, तर वायू आपल्याबरोबर तेलाचा हलका आणि मौल्यवान अंशही ओढून नेतो. पायऱ्या वाढवल्या की विकाऊ तेल अधिक पदरात पडते, पण टाक्यांचा खर्चही वाढतो. म्हणजे कोणता अंश तेलात राहील आणि कोणता वायूत जाईल, हे काही अंशी माणूसच ठरवतो. निसर्ग मर्यादा घालून देतो, रेषा आखतो तो हिशेबनीस.

अर्थशास्त्रात अशा उत्पादनाला संयुक्त उत्पादन म्हणतात. आल्फ्रेड मार्शलने मेंढीचे मांस आणि लोकर यांचे उदाहरण दिले होते. एक हवे म्हटले की दुसरे आपोआप येते. आपल्याकडे ज्वारी आणि कडबा यांचे उदाहरण अधिक जवळचे. ज्वारीच्या खर्चातला किती भाग कणसाचा आणि किती कडब्याचा, हे कोणीही सांगू शकत नाही. पाऊसपाणी चांगले असते तेव्हा कडबा दुय्यम असतो. दुष्काळात चारा महागला की त्याच कडब्याच्या गंजीवर रात्री राखण बसते. कडबा बदललेला नसतो. गरज बदलते, बाजार बदलतो, आणि कालची दुय्यम वस्तू आज मुख्य होते. साखर कारखान्यांच्या मळीची कथाही याहून निराळी नाही.

तेलाच्या विहिरीत तेल हे कणीस, आणि वायू व पाणी ही त्याच्याबरोबर येणारी मंडळी. परंतु येथे एक मोठा फरक आहे. कडबा गंज घालून ठेवता येतो. तेलही पिंपात, टाकीत, जहाजात साठवता येते आणि भाव येईल तेथे नेता येते. वायूचे तसे नाही. त्याला दाबायला कॉम्प्रेसर लागतो, न्यायला नळ लागतो, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला त्याच दिवशी तो घेणारे गिऱ्हाईक लागते. हे तिन्ही आधी उभे केलेले नसेल, तर विहीर सुरू झाल्याच्या दिवशीच वायू बेघर होतो. मग त्याला उंच नळीच्या टोकाशी नेऊन पेटवून देतात. पाण्याला तर कोणी गिऱ्हाईकच नाही. ते जवळच्या ओढ्यात, खड्ड्यात किंवा समुद्रात जाते. म्हणजे सेपरेटरमधून तीन नळ निघतात, पण विक्रीच्या हिशेबात त्यांपैकी एकच उतरतो. उरलेल्या दोहोंचा खर्च कोणाच्या वहीत लिहायचा, हा खरा राजकीय प्रश्न आहे. खाजगी उद्योग आपला खर्च समाजावर ढकलतात, ही मांडणी कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली पुस्तकरूपाने केली, आणि समाजवादी चळवळीत ती परिचित आहे. तेलाच्या बाबतीत मात्र या मांडणीला एक अवघड पुरवणी जोडावी लागते. त्यासाठी आपल्याच दाराशी यावे लागेल.

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रतळाखाली तेल असल्याचे ‘सागर सम्राट’ या जहाजावरून केलेल्या वेधनाने फेब्रुवारी १९७४ मध्ये सिद्ध झाले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत अवघी सव्वादोन वर्षे. परदेशी कंपन्या ज्या देशात तेल नाही असे सांगत होत्या, त्या देशाच्या सार्वजनिक क्षेत्रातील आयोगाने हे करून दाखवले. त्या पराक्रमाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रारंभी तेल जहाजांत भरून किनाऱ्यावर आणत. समुद्राखालून उरणपर्यंत तेलाचा एक आणि वायूचा एक असे दोन नळ १९७८ साली टाकून झाले. अर्थात मधल्या दोन वर्षांत विहिरींतून येणाऱ्या वायूला जाळण्यावाचून वाट नव्हती. त्याबद्दल आयोगाला दोष देणे अन्यायाचे होईल. पहिल्या उत्पादनातूनच पुढची कामे करायची होती, आणि १९७३ च्या भाववाढीने देशाची कोंडी केली होती.

ही कोंडी पुढे सुटली नाही, उलट १९७९ नंतर आवळली. १९८०-८१ साली तेल व तेलजन्य पदार्थांच्या आयातीवर सुमारे ५,२६० कोटी रुपये खर्च झाले. त्या वर्षीची देशाची सारी निर्यात सुमारे ६,७१० कोटींची. म्हणजे निर्यातीतून मिळालेल्या प्रत्येक रुपयातले पंच्याहत्तर पैशांहून अधिक तेलात गेले. अशा स्थितीत दिल्लीहून येणारा प्रश्न एकच असे : या वर्षी किती टन? पंचवार्षिक योजनेत तेलाचे लक्ष्य टनांत असे, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत टन असत, संसदेतल्या उत्तरांत टन असत. विहिरी वाढत गेल्या. त्यांच्याबरोबर येणारा वायू पकडण्याची यंत्रणा, म्हणजे कॉम्प्रेसर बसवलेले प्लॅटफॉर्म, जादा नळ आणि किनाऱ्यावरचे कारखाने, मात्र सतत दोन पावले मागे राहिली.

मागे राहिली याचा अर्थ काहीच झाले नाही असा नव्हे. मुंबई हायच्या वायूवर तुर्भ्याचा खत कारखाना चालू लागला, थळचा प्रचंड खत कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यास उभा राहिला. राज्य वीज मंडळाने उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र बांधले, त्याची क्षमता पुढे ६७२ मेगावॉट झाली. उरणच्या प्रकल्पात वायूतून प्रोपेन आणि ब्यूटेन काढून घरगुती सिलिंडर भरले जाऊ लागले. उत्पादन याहूनही वेगाने वाढले, ही अडचण होती. १९९०-९१ साली देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू निघाला आणि त्यातला ५ अब्ज घनमीटरांहून अधिक जाळला गेला. त्याचा मोठा भाग मुंबई हायचा.

हा आकडा नजरेसमोर आणावयाचा तर ढोबळ हिशेब करून पाहावा. दिवसाला सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर. उरणसारखी तीन वीजकेंद्रे पूर्ण क्षमतेने वर्षभर चालली असती. उष्णतेच्या भाषेत बोलायचे तर सुमारे ४५ लाख टन तेल. त्या वर्षी देशाचे एकूण तेल उत्पादन सुमारे ३ कोटी ३० लाख टन होते. आणि हे वर्ष कोणते? याच वर्षी ऑगस्टमध्ये कुवेतवर स्वारी झाली, तेलाचे भाव भडकले आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. १९९१ च्या मे ते जुलै या काळात देशाचे सोने विमानाने परदेशी पाठवावे लागले. त्या सोन्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण अरबी समुद्रावर रात्रंदिवस जळत असलेल्या मशालींचा उल्लेख त्या चर्चेत शोधावा लागतो. मुंबई-पुण्यातली मध्यमवर्गीय कुटुंबे गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत होती, गरिबाघरच्या बाया रॉकेलच्या रांगेत होत्या, आणि सिलिंडरमध्ये भरला जाणारा तोच प्रोपेन-ब्यूटेन समुद्रावर जळत होता.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. तेलात विरघळलेला वायू हा नुसता इंधन नसतो, तो तेलाला खडकातून विहिरीकडे ढकलणारा जोर असतो. तेल काढण्याची घाई झाली, दाब राखण्यासाठी खाली पाणी सोडण्याचे काम मागे पडले, तर वायू तेलाला सोडून स्वतःच पुढे धावतो. एका टन तेलामागे निघणारा वायू वाढत जातो. सेपरेटरवरचा कामगार हे सर्वांत आधी पाहतो, कारण वरच्या नळाचा आकडा चढत असतो. वैद्याला नाडीवरून ताप कळावा तसा हा आकडा तेलक्षेत्राची प्रकृती सांगतो. मुंबई हायमध्ये समुद्राचे पाणी खाली सोडण्याचे काम उत्पादनानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८० च्या दशकाच्या मध्यास, सुरू झाले. देशाचे तेल उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख टनांवर पोचले होते, ते १९९२-९३ मध्ये सुमारे २ कोटी ७० लाख टनांवर घसरले. यामागे अनेक कारणे होती, पण मुंबई हायच्या खडकातला दाब उतरणे हे त्यांतले एक प्रमुख. टनांचे लक्ष्य गाठण्यासाठी जी घाई केली, तिने पुढचे टन गिळले.

येथे काही अभियंते आक्षेप घेतात आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, मशाल ही मुळात सुरक्षेची सोय आहे. कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तर वायू कोठेतरी जायला हवा, आणि तो न जाळता हवेत सोडणे अधिक घातक. हे खरे आहे. लहानशी ज्योत प्रत्येक प्लॅटफॉर्मवर राहणारच. परंतु अपघाताच्या वेळी उघडायचे दार आणि रोजचा राजरस्ता यांत फरक आहे. एकूण वायूचा चौथा भागाहून अधिक जळतो, तेव्हा तो अपघात राहत नाही, ते धोरण होते. आणि ते धोरण अभियंत्यांनी ठरवले नव्हते. त्यांना टन मागितले होते, त्यांनी टन दिले.

म्हणून वर उल्लेखिलेली पुरवणी अशी : मालकी सार्वजनिक झाली म्हणजे हिशेबाची वही आपोआप सार्वजनिक होत नाही. मुंबई हाय जनतेच्या मालकीचा होता, तरीही वायूला किंमत नाही असे धरूनच तेल काढले गेले. दुसऱ्या बाजूने, खाजगी मालकीत हे झाले नसते असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील नॉर्थ डाकोटाकडे पाहावे. तेथे शेल तेलाच्या विहिरी खणण्याची झुंबड उडाली, तेव्हा २०११ ते २०१४ या काळात निघालेल्या वायूचा सुमारे एक-तृतीयांश जाळला जात होता. सारी विहीर खाजगी, सारा बाजार मोकळा, आणि रात्रीच्या उपग्रहचित्रात ते ओसाड माळरान एखाद्या महानगरासारखे उजळलेले. तेल लवकर विकून कर्ज फेडायचे होते. नळ टाकायला कोणाला सवड नव्हती.

मग फरक कशाने पडतो? नॉर्वेच्या संसदेत १९७१ साली तेलविषयक दहा तत्त्वे मांडली गेली. त्यांतले एक असे की, वापरण्याजोगा वायू जाळता कामा नये, चाचणीच्या अल्प काळाचा अपवाद. तेथे परदेशी खाजगी कंपन्याही होत्या आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेली सरकारी कंपनीही. अट दोघांना सारखी होती. आधी वायूचे काय करणार ते सांगा, मग तेल काढा. ही अट उत्पादन सुरू होण्यापूर्वी घातली होती, यातच तिचे सामर्थ्य. नायजेरियाने उलटा क्रम धरला. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९५६ मध्ये तेल सापडले, दोन दशके वायू जळत राहिला, आणि १९७९ साली कायदा झाला की १ जानेवारी १९८४ पासून परवानगीवाचून वायू जाळता येणार नाही. परवानग्या मिळत गेल्या. दंड इतका किरकोळ ठेवला की कॉम्प्रेसर बसवण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त पडले. नोव्हेंबर २००५ मध्ये तेथील न्यायालयाने इवेरेकान या गावाच्या बाजूने निर्णय देताना वायू जाळणे हे जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचे उल्लंघन आहे असे म्हटले. त्यानंतरही त्या प्रदेशातल्या मशाली विझल्या नाहीत. कायद्याचे कलम आणि दंडाचा आकडा यांपैकी भांडवल दुसरेच वाचते.

परंतु वायू वाचवा असा नुसता हुकूम सोडूनही भागत नाही, हे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मने दाखवले. तो मूळचा तेलासाठी बांधलेला. ब्रिटिश सरकारने वायू वाया न घालवण्याचे धोरण घेतले, तेव्हा वायू दाबण्याची यंत्रे त्यावर मागाहून बसवली. जागा नव्हती, म्हणून ती नियंत्रण कक्षाच्या शेजारी आली. ६ जुलै १९८८ च्या रात्री एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. त्याची नोंद रात्रपाळीच्या कामगारांपर्यंत पोचली नाही. त्यांनी तो पंप सुरू केला, वायूचा द्रवरूप अंश गळला आणि स्फोट झाला. १६७ माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य कंत्राटदारांचे कामगार होते. शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून येणारे तेल आणि वायू आग दिसत असतानाही तत्काळ बंद झाले नाहीत, कारण उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेणे तेथल्या अधिकाऱ्यांना जड गेले. मुंबई हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्मला २७ जुलै २००५ रोजी मदतीसाठी आलेल्या जहाजाची धडक बसली आणि वायूचा नळ फुटून आग लागली. ३८४ जणांपैकी ३६२ वाचवले गेले, २२ जण गेले. वेगळा केलेला वायू हा बांधून ठेवलेला वाघ आहे. पिंजऱ्यावर काटकसर करायची आणि पहारेकरी कंत्राटी ठेवायचा, हे दोन्ही एकदम करणे म्हणजे आपत्तीला आवतण देणे होय.

भारतात वायू जाळण्याचे प्रमाण १९९० च्या दशकात पुष्कळ उतरले. मुंबई हायमधील या कामासाठी जागतिक बँकेने १९९१ मध्ये कर्ज दिले. जे काम देशाच्या योजनेने दहा वर्षे आधी करायचे, ते सोने गहाण पडल्याच्या वर्षी कर्जातून सुरू व्हावे, यातला उपरोध कडू आहे. नंतर दैवगती अशी फिरली की वायूच कमी पडू लागला. उरणचे वीजकेंद्र इंधनाअभावी पूर्ण क्षमतेने चालेनासे झाले आणि देश परदेशातून द्रवरूप वायू जहाजांनी आणू लागला. जगाचे चित्र मात्र फारसे पालटलेले नाही. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित मोजणीनुसार २०२४ साली जगात सुमारे १५१ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला.

आता तिसरा सोबती, पाणी. वायूची निदान ज्वाला दिसते, पाणी कोणाला दिसतही नाही. तेलक्षेत्र तरुण असते तेव्हा पाणी थोडे येते. वय वाढते तसे ते वाढत जाते, आणि जगाची सरासरी काढली तर एका पिंप तेलामागे साधारण तीन पिंपे पाणी येते असे मानतात. म्हणजे तेलधंदा हा आकारमानाने पाहता मुख्यतः पाणी उपसण्याचा धंदा आहे. हे पाणी विहिरीचे गोड पाणी नव्हे. ते बहुधा अतिखारट असते, त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, बेंझिनसारखी द्रव्ये, जड धातू आणि प्रक्रियेत घातलेली रसायने असतात. ते पुन्हा खडकात सोडता येते. त्याने खडकातला दाब टिकायलाही मदत होते. पण त्यासाठी पाणी स्वच्छ करून जोराने खाली ढकलणारे पंप आणि वेगळ्या विहिरी लागतात.

तो खर्च टाळला म्हणजे काय होते, याचे उदाहरण इक्वाडोरच्या अमेझॉन जंगलात आहे. १९६० च्या दशकापासून १९९० पर्यंत तेथे टेक्साको या अमेरिकन कंपनीने तेल काढण्याचे काम चालवले आणि अब्जावधी गॅलन खारे पाणी ओढ्यांत, नद्यांत व उघड्या खड्ड्यांत सोडले. पाणी परत जमिनीत घालण्याचे तंत्र त्या काळी अमेरिकेत सर्रास वापरात होते. आदिवासी आणि वसाहतकार शेतकरी त्याच ओढ्यांचे पाणी पीत होते. १९९३ साली खटला उभा राहिला आणि न्यूयॉर्क, इक्वाडोर, हेग अशा तीन ठिकाणी तो तीन दशके फिरला. इक्वाडोरच्या न्यायालयाने भरपाईचा निकाल दिला, अमेरिकन न्यायालयाने तो निकाल फसवणुकीने मिळवल्याचे ठरवले, आणि वकिलांच्या या लढाईत ओढे तसेच राहिले. येथेही ती पुरवणी लागू पडते. कंपनी गेल्यावर काम हाती घेतलेल्या सरकारी कंपनीने पाण्याच्या बाबतीत तीच पद्धत काही वर्षे पुढे चालवली. नळ तोच होता, फक्त नळावरचा शिक्का बदलला.

आपल्याकडे समुद्रातील प्लॅटफॉर्मवरून सोडायच्या पाण्यात तेलाचे प्रमाण लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावे, असा नियम आहे. शंभर मोजण्यांपैकी पंच्याण्णव तरी या मर्यादेत असाव्यात आणि कोणतीही मोजणी १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी आपली मर्यादा ३० वर आणली आहे. जमिनीवरच्या तेलक्षेत्रांना आपल्याकडे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. समुद्राला चौपट सूट का, याचे तांत्रिक उत्तर असे की तेथे पाणी चटकन पातळ होते आणि प्लॅटफॉर्मवर जागा कमी असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लिटरमागचे प्रमाण ही अर्धीच मोजणी. मुंबई हायसारख्या म्हाताऱ्या होत चाललेल्या क्षेत्रातून पाण्याचे आकारमान वर्षागणिक वाढते, तेव्हा प्रमाण तेवढेच राहूनही समुद्रात जाणारे एकूण तेल वाढते. नियम प्रमाणाला आहे, एकूण बेरजेला नाही.

या बेरजेची मागणी करणे हे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले काम आहे. वायूच्या बाबतीत निघाला किती आणि जळाला किती, हे आकडे सरकारी अहवालांत मिळतात, आणि १९९० च्या दशकात त्यांच्यावरूनच प्रश्न विचारता आले. पाण्याच्या बाबतीत प्लॅटफॉर्मवार, महिन्यावार असेच आकडे मच्छीमार सहकारी संस्थांच्या हाती पडले पाहिजेत, आणि ते मोजणारा कामगार कंत्राटदाराच्या मर्जीवर नसावा. मोजणीचे काम कठीण नाही. पाण्याचा नमुना घ्यायचा, द्रावक घालून त्यातले तेल वेगळे करायचे, उपकरणात धरायचे आणि आकडा लिहायचा. प्लॅटफॉर्मवर हे नेहमीचेच काम आहे. तो कागद किनाऱ्यावर करंजा आणि मोरा बंदरापर्यंत यायला हवा.